नारायण पेठेतल्या वाड्याची दुरुस्ती : कामाच्या नोंदी

वाडा दोन चौकी, दुमजली. जोतं घडीव काळ्या दगडाचं, वर सागवानी सांगाडा, भिंतींना बाहेरून भाजलेल्या पातळ विटा आणि पोटात भेंडे (कच्च्या विटा). पश्चिमेच्या सोप्यावर माळवद (मातीचं सपाट छत), मागच्या भागावर मंगलोरी कौलं. या नोंदी मुख्यतः पुढच्या चौकाच्या आहेत. तळमजल्यावर 46 खांब, खण सरासरी पाच फुटांचा. रांगांना अ ते फ अशी अक्षरं आणि रस्त्याच्या बाजूने आकडे दिले आहेत, म्हणजे क-3 हा तिसऱ्या रांगेतला तिसरा खांब.

12 नोव्हेंबर

मोजणी सुरू. नकाशा 1:50. पहिल्यांदा ओसरीच्या जोत्यापासून एक मीटर उंचीवर पाण्याच्या नळीने एक आडवी रेघ सगळ्या खांबांवर फिरवली. लेसरने मापं पटापट येतात, पण चौकात ऊन असलं की ठिपका दिसत नाही. नळीने मारलेली रेघ मात्र खांबावर राहते आणि सहा महिन्यांनी त्याच रेघेवरून खांब किती हलला ते कळतं. कुठलीही खोली काटकोनात आहे असं धरायचं नाही. प्रत्येक खोलीच्या चार बाजू आणि दोन्ही कर्ण घ्यायचे. ओळंबा प्रत्येक खांबाला दोन बाजूंनी लावला.

नैऋत्येचा कोपरा खचला आहे. क-3 रेघेपासून 38 मिमी खाली, ब-3 22 मिमी. बाकी चौक 6 मिमीच्या आत आहे, म्हणजे जोतं जागेवर आहे. दोष जोत्यात नसून खांबात किंवा तळखड्यात (खांबाखालच्या दगडात) असणार.

भिंतीच्या मोठ्या भेगांवर काचेच्या पट्ट्या चुन्याने चिकटवल्या, प्रत्येकीवर तारीख. पट्टी तुटली तर भेग चालू आहे. चुन्याऐवजी लवचीक गोंद वापरला तर पट्टी भेगेबरोबर सरकते आणि काहीच समजत नाही.

15 नोव्हेंबर

कागद. मिळकत पत्रिका आणि सिटी सर्व्हेचा नकाशा आपल्या मोजणीवर ठेवून पाहिला. मागच्या बोळाकडची भिंत नकाशात आहे तिथेच आहे, पण परसातला जिना नकाशात नाही, तो नंतरचा.

मोडी कागदांचं काम वेगळं चालू राहील. पुण्यात दोन ठिकाणी जावं लागतं: पुरालेखागारातलं पेशवे दफ्तर आणि सदाशिव पेठेतलं 1910 साली स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ. तारखा काढताना घोटाळा ठरलेला असतो, म्हणून इथे लिहून ठेवतो. शक असेल तर 78 मिळवायचे, वर्षाच्या शेवटच्या महिन्यांसाठी 79. सुहूर सन (जुन्या मराठी कागदांतली एक कालगणना) अरबी शब्दांत लिहिलेला असतो आणि मृगाला बदलतो. ‘इहिदे सबैन मया व अलफ’ म्हणजे एक, सत्तर, शंभर, हजार, मिळून 1171. मृगापासून डिसेंबरपर्यंतच्या कागदाला 599 मिळवायचे, जानेवारी ते मृग 600. म्हणजे हा सन 1770-71. अर्धी माणसं सरसकट 600 मिळवतात आणि पावसाळ्यातला कागद एक वर्ष पुढे जातो.

इमारत स्वतःही तारखा सांगते. बासेल मिशनचा मंगळूरचा कौलांचा कारखाना 1865 चा, म्हणजे मागच्या छपराचं आजचं रूप त्याच्या आधीचं असू शकत नाही. त्याच्या कैच्यांना (छपराच्या तिकोनी सांगाड्यांना) इंग्रजी पद्धतीचे बोल्ट आहेत. चौकाच्या लाकडात मात्र कुठेही बोल्ट नाही, सगळे सांधे कुसवाचे (एका लाकडाचं निमुळतं टोक दुसऱ्याच्या खाचेत) आणि लाकडी मेखांचे. हे दोन भाग वेगळ्या काळातले आहेत आणि दुरुस्तीही वेगळी लागेल. सगळा वाडा एकाच साच्यात ‘पेशवाई’ करून टाकायचा नाही.

19 नोव्हेंबर

परवानगीचा अर्ज महापालिकेच्या वारसा विभागात दिला. सोबत नकाशे, प्रत्येक दर्शनी भागाचे फोटो, प्रत्येक बदलाचं कारण. श्रेणी कुठलीही असो, दर्शनी भागाला हात लावण्याआधी हे करायचंच.

भाडेकरूंच्या बिऱ्हाडांबद्दल एक नोंद, कारण वाड्याच्या दुखण्याचं मूळ तिथेही आहे. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाण भाडं 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीवर बांधलं. 31 मार्च 2000 ला लागू झालेल्या नव्या कायद्याने वर्षाला 4 टक्के वाढ दिली, पण ती त्याच गोठलेल्या रकमेवर. या भाड्यात मालकाला कौलं फिरवणंसुद्धा परवडत नव्हतं, म्हणून प्रत्येक बिऱ्हाडाने आपापल्या दोन खणांपुरती डागडुजी केली. जिथे गळलं तिथे सिमेंट, जिथे ओल आली तिथे टाइल. दोष माणसांचा नाही, त्यांनी घर राहतं ठेवलं म्हणून वाडा उभा आहे. पण पाणी बिऱ्हाडाची हद्द पाळत नाही. एकाने अडवलेलं पाणी शेजारच्या खांबात उतरलं.

24 ते 28 नोव्हेंबर

लाकूड तपासणी. पद्धत अशी: हातोडीच्या लाकडी मुठीने खालून वर दर वीत अंतरावर ठोकायचं, आवाज बद्द आला की तिथे आर (टोकदार टोच्या) टोचायची, आर 10 मिमीपेक्षा आत गेली तर ओलावामापक लावायचा. मापक लाकडासाठी बनवलेला असतो. भिंतीवर लावला तर आकडा फक्त तुलनेपुरता घ्यायचा.

46 पैकी 33 खांब निर्दोष. नुसते ‘चालतील’ असे नाहीत, निर्दोष. आतल्या लाकडाचा ओलावा 11 ते 13 टक्के, आर दोन मिमी जात नाही. 8 खांबांचा फक्त बाहेरचा रसकाठ (गाभ्याभोवतीचं नरम लाकूड) भुंग्याने खाल्लेला, गाभा धड. 5 खांबांचा पाय कुजलेला.

हे पाचही खांब एकाच बिऱ्हाडात आणि त्याच्या लगत. मूळ बांधणीत खांब जमिनीला टेकतच नाही, तो घडीव तळखड्यावर बसतो आणि तळखडा फरशीच्या वर चार-पाच बोटं उचललेला असतो. जमीन सारवली, धुतली, पाणी सांडलं तरी लाकडाचा पाय कोरडा राहतो. या बिऱ्हाडात जुन्या शहाबादीवर सिमेंटचा कोबा आणि त्यावर टाइल अशी चार इंचांची भर पडली, तळखडे गाडले गेले आणि खांबांचे पाय कोब्यात रुतले. क-3 चा कोबा फोडून पाहिला. टाइलच्या वर लाकडाला रंग चकचकीत, आणि कोब्याच्या आत चहाच्या चोथ्यासारखा काळपट भुसा. बोटांनी काढता आला. 38 मिमीचा हिशेब तिथेच लागला.

तुळयांची टोकं: भिंतीत गेलेली 22 टोकं, त्यातली 7 खराब. सातही रस्त्याकडच्या भिंतीत, जिथे बाहेरून सिमेंटचा गिलावा आहे. ब-2 च्या तुळईच्या टोकाला 26 टक्के ओलावा. लाकूड 20 च्या वर बराच काळ राहिलं की बुरशी धरते. चुन्याच्या गिलाव्याच्या भिंतीतून पाणी येतं तसं जातं. सिमेंटच्या गिलाव्याला केसाएवढी भेग पडते, पाणी तिथून आत शिरतं आणि परत बाहेर यायला वाट उरत नाही. ते मग जिथून उडू शकतं तिथे जातं, आणि भिंतीत तशी जागा एकच: लाकडाचं उघडं टोक.

या कामाची दिशा इथे ठरली. लाकूड बदलण्याआधी पाण्याची वाट मोकळी करायची. तसं न करता नवा साग बसवला तर तोही त्याच जागी त्याच कारणाने कुजेल.

1 डिसेंबर

माजघराच्या भिंतीत बुजवलेलं बळद (भिंतीतली साठवणीची पोकळी) उघडलं. तळाशी दीड फूट बारीक करडा गाळ, एका लयीत बसलेला, वर भेंड्यांचा चुरा. भिंतीवर त्याच्याशी जुळणारी डागाची रेघ जोत्यापासून चार फुटांवर. 12 जुलै 1961, पानशेतचा पूर. नदीकाठच्या पेठांत त्या दिवशी मातीची घरं नुसती वाहून गेली नाहीत, बरीचशी पाणी ओसरल्यावर बसली. भेंडा म्हणजे कच्ची वीट, ती भिजली की तिचा पुन्हा चिखल होतो आणि वरचं वजन खाली येतं. हा वाडा टिकला तो सांगाड्यामुळे. भार खांबांवर आहे, भिंत फक्त भरणी. दोन ठिकाणी भेंडे विरघळून भिंत पोकळ झाली आहे, तरी वरची तुळई जागेवर आहे.

गाळाचा नमुना बरणीत ठेवला, उरलेला काढला. भिंतीवरची रेघ ठेवायची. त्या पट्ट्यावर गिलावा करायचा नाही, फक्त चुन्याचं पातळ पाणी.

6 डिसेंबर

चुना भिजवला. 600 किलो कळीचा चुना, तीन खड्डे, विटांनी बांधलेले. आधी खड्ड्यात पाणी, मग त्यात चुना, टोपलीने थोडा थोडा. उलटं करायचं नाही. ढिगावर पाणी ओतलं की चुना फुटून उडतो आणि डोळ्यात गेला तर डोळा जातो. चष्मा, हातमोजे आणि बाजूला स्वच्छ पाण्याचं पिंप असल्याशिवाय खड्ड्याजवळ कोणी जायचं नाही. उकळी बसली की फावड्याने सतत ढवळायचं, तळाशी गोळे राहिले की ते पुढे भिंतीत फुगतात आणि गिलाव्यावर फोड येऊन टवके उडतात. जाळीतून गाळून दुसऱ्या खड्ड्यात, वर तीन इंच पाणी कायम. वापर महिन्यानंतरच.

सुरखीसाठी नरम भाजलेल्या जुन्या विटा दळायच्या. जळकी, निळसर वीट घ्यायची नाही, तिची भुकटी चुन्याशी धरत नाही, ती नुसती वाळूसारखी राहते. प्रमाण: बांधकामाला आणि गिलाव्याच्या पहिल्या थराला 1 चुना, 1 सुरखी, 2 वाळू. 100 किलो चुन्याला 1 किलो हिरडा आणि दीड किलो गूळ, दोन्ही आठ दिवस भिजवून गाळलेलं पाणी. गूळ वाढवला तर चुना धरायला वेळ लागतो आणि मुंग्या लागतात.

15 डिसेंबर

वाळवी. जोत्याच्या कडेने आतून-बाहेरून दर एक फुटावर 12 मिमी भोकं, प्रत्येकात एक लिटर. इमिडाक्लोप्रिड 30.5 टक्केवालं, लिटरला 2.1 मिली. परसातल्या आडापासून तीन मीटरपर्यंत औषध टाकलेलं नाही, तिथे फक्त लाकडाला बोरिक-बोरॅक्सचं कोमट द्रावण, दोन हात.

2 ते 14 जानेवारी

माळवद उतरवलं. याला सगळ्यात जास्त वेळ दिला, कारण धोकाही सगळ्यात जास्त इथे.

सोप्यावरचं माळवद 7.5 मीटर बाय 3 मीटर, म्हणजे 22.5 चौरस मीटर. एक कोपरा कापून थर पाहिले. खाली सागाची तक्तपोशी, त्यावर झाडपाल्याचा काळा थर, मग माती. मूळ माती साधारण 15 सेंमी, तिचा रंग वेगळा, पांढरट. वर दरवर्षीच्या मातीचे पातळ पापुद्रे मिळून 13 सेंमी. सगळ्यावर 7 सेंमी सिमेंट कोबा. हिशेब:

माती 28 सेंमी : सुमारे 10.7 टन
कोबा 7 सेंमी : सुमारे 3.5 टन
एकूण 14.2 टन. मूळ 15 सेंमी माती असताना 5.7 टन.

म्हणजे कड्या (छताखालची आडवी लाकडं) मूळ भाराच्या अडीच पट भार वाहत होत्या. आणि एवढं करूनही गळतच होतं, कारण कोबा उन्हात फुगतो, थंडीत आकसतो, खालची माती तसं करत नाही. कोबा तडकला, पाणी मातीत उतरलं आणि वरचं झाकण असल्यामुळे वाळलं नाही.

उतरवण्याचा क्रम: आधी खालून प्रत्येक कडीच्या मध्यावर धिरा (टेकू), धिऱ्याखाली आडवी फळी, म्हणजे भार एका फरशीवर येत नाही. मग कोबा छिन्नी-हातोडीने, छोट्या तुकड्यांत. ब्रेकर मशीन चढवू दिलं नाही, त्याच्या हादऱ्याने खालच्या कड्यांची कुजकी टोकं सुटली असती. माती मधल्या खणापासून दोन्ही बाजूंना सारखी काढत गेलो. एका बाजूने सरसकट काढली तर रिकाम्या बाजूच्या कड्या वर उचलल्या जातात आणि भिंतीतून टोक निसटतं. माती गोण्यांतून लगेच खाली, माळवदावर ढीग करायचा नाही. पांढरी माती वेगळी चाळून ठेवली, परत वापरायची आहे.

तक्तपोशीच्या 64 फळ्यांपैकी 49 धड निघाल्या. प्रत्येकीवर खालच्या बाजूने अ‍ॅल्युमिनियमची क्रमांकपट्टी. खडूचे आकडे दोन आठवड्यांत पुसले जातात.

नवं माळवद फेब्रुवारीत: चाळलेली पांढरी माती 10 सेंमी, त्यावर विटांच्या तुकड्यांची चुन्याची काँक्रीट 7.5 सेंमी, उतार साठाला एक. वजन 6.8 टन.

18 जानेवारीपासून

खांब क-3 चा पाय. पद्धत पाचही खांबांना तीच, म्हणून पूर्ण लिहितो.

खांब 20 बाय 20 सेंमी. कूज 35 सेंमीपर्यंत, धड लाकूड 45 पासून. वरच्या तुळईला खांबाच्या दोन्ही बाजूंनी धिरे, प्रत्येकाखाली 10 टनी जॅक. तुळई आणि जॅक यांच्यात सागाचा ठोकळा, लोखंड थेट लाकडाला लावायचं नाही. उचल दिवसाला 2 मिमी, सकाळी 1, संध्याकाळी 1, दर वेळी काचेच्या पट्ट्या पाहून.

तिसऱ्या दिवशी वरच्या मजल्याच्या भिंतीवरची पट्टी तुटली. उचल थांबवली. कारण शोधलं तर तुळईचं भिंतीतलं टोक कोणीतरी पूर्वी सिमेंटने गच्च भरलं होतं. तुळई वर जायला लागली तेव्हा टोक भिंतीला घेऊन वर गेलं. जॅक सोडून आधी ते टोक मोकळं केलं, दोन दिवस गेले, मग पुन्हा उचल. उचलण्याआधी तुळईचं दुसरं टोक मोकळं आहे का हे पाहणं आता यादीत पहिलं.

38 पैकी 20 मिमीच उचलायचं ठरवलं. वरच्या मजल्याच्या चौकटी आणि जाळ्या इतक्या वर्षांत त्या तिरकेपणाशी जुळल्या आहेत. खांब पूर्ण सरळ केला तर त्यांचे सांधे उघडतील. वाडा नवा दिसण्यासाठी त्याचं जुनं लाकूड मोडायचं नाही.

सांधा तिरपा, लांबी खांबाच्या जाडीच्या तिप्पट, 60 सेंमी. दोन्ही टोकांना 3 सेंमीची पायरी, म्हणजे भाराखाली सांधा घसरत नाही. जुन्या बाजारातला मोडीचा साग घेतला, ओलावा 12 टक्के. ओला नवा साग आकसतो आणि सांधा महिन्यात सैल होतो. तीन बाभळीच्या मेखा, दोन तुकड्यांतली भोकं एकमेकांपासून 2 मिमी सरकवून ठेवली, त्यामुळे मेख ठोकताना सांधा आवळला जातो. खालचं कुसू तळखड्याच्या खळग्यात, मध्ये 3 मिमी शिशाचा पत्रा, दगडातली ओल लाकडात चढू नये म्हणून. खळग्यात पाणी साचलं तर जायला वाट हवी, म्हणून दगडात एका बाजूला बोटभर रुंद पन्हळ कोरली. जॅक एका दिवसात सोडले नाहीत, तीन दिवसांत.

सांधा दिसतो. दिसू द्यायचा. पुढे कोणी दुरुस्ती करेल त्याला नवं कुठे आणि जुनं कुठे ते कळायला हवं.

3 ते 20 फेब्रुवारी

तुळयांची सात टोकं. प्रत्येक टोक 40 ते 55 सेंमी कापून नवा तुकडा, मधल्या खाचेत 10 मिमी स्टेनलेस पट्टी, सहा 12 मिमी बोल्ट, बोल्टच्या डोक्यांवर लाकडी बुचं. साधं लोखंड वापरायचं नाही, सागातल्या ओलीने ते गंजतं आणि फुगून लाकूड फाडतं. टोक दगडी बैठकीवर, चारही बाजूंनी 15 मिमी मोकळी हवा. गवंड्याला सवयीने तिथे माल भरावासा वाटतो, म्हणून पोकळीत लाकडाच्या काड्या खोचल्या आणि भिंत पूर्ण झाल्यावर काढल्या.

माळवदाचा चुना बडवणं सात दिवस चाललं. थापी मारल्यावर खाली रुतली तर अजून बडवायचं, उडायला लागली की झालं. या दिवसांत वर चुन्याचं आणि गुळाचं पाणी शिंपडत राहायचं आणि गोणपाट हटवायचा नाही.

24 फेब्रुवारी

रस्त्याकडच्या भिंतीचा सिमेंट गिलावा काढून चुन्याचा पहिला थर दिला होता. चार दिवसांत सगळीकडे कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा. कारण तपासलं. क्रश सँडचा नवा ट्रक आला होता. काचेच्या बाटलीत वाळू, मिठाचं पाणी, हलवून तीन तास ठेवली: 14 सेंमी वाळूवर 2 सेंमी धूळ, म्हणजे 14 टक्के. 8 च्या वर घ्यायचीच नाही. शिवाय भिंत दुपारच्या उन्हात होती. सगळा थर काढला, 31 चौरस मीटर. वाळू धुऊन घेतली, 5 टक्क्यांवर आली. भिंत आदल्या रात्री भिजवली, काम सकाळी नऊच्या आत, वर गोणपाट, 14 दिवस ओलं. एकूण जाडी 18 मिमी, दोन थरांत. दुसरी खेप तडकली नाही.

खारे डाग असलेल्या पट्ट्यात, पुराच्या रेघेच्या खाली, आधी कापसाचा आणि मातीचा लेप, 15 मिमी. वाळून आपोआप सुटू लागला की काढायचा आणि पुन्हा लावायचा, तीन वेळा. भिंतीतलं मीठ लेपात ओढलं जातं. लेपासाठी नळाचं पाणी वापरलं तर त्याचंही मीठ भिंतीत जातं, म्हणून शुद्ध केलेलं पाणी.

10 ते 22 मार्च

दिवाणखान्याच्या सुरूच्या आकाराच्या खांबांवर आणि केळफुलांच्या हस्तांवर (खांबाच्या माथ्यावरच्या कोरीव आधारांवर) ऑइलपेंटचे पाच थर. हेच घाट विश्रामबागवाड्यात पाहायला मिळतात, तिथे जाऊन कोरीव कामाच्या कडा किती तीक्ष्ण असतात ते पाहून घेतलं. रंग काढायला कॉस्टिक वापरलं की साग काळा पडतो आणि मीठ राहतं. हीट गनही नको: जुन्या रंगात शिसं असतं, आणि लाकडी वाड्यात ज्वाळा, ठिणगी, गरम हवा काहीच नको. कॉस्टिक नसलेली पेस्ट, वर प्लास्टिकचा कागद, दोन तास, मग बांबूची पट्टी आणि दात घासायचा ब्रश. एका हस्ताला दोन दिवस लागतात. पाकळ्यांच्या आत छिन्नीच्या घावांच्या खुणा दिसू लागल्या, एका बाजूच्या थोड्या डावीकडे झुकलेल्या. सँडपेपर लावला असता तर या खुणा गेल्या असत्या.

वर जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन, पहिला हात निम्मं निम्मं. तेलाने भिजलेली फडकी गोळा करून ठेवायची नाहीत, ती आपोआप पेट घेतात. पाण्याच्या डब्यात टाकायची.

25 मार्च

वायरिंग. शनिवारवाडा 1828 च्या आगीत गेला, 1879 मध्ये बुधवारवाडा जळाला आणि विश्रामबागवाड्याचाही भाग गेला. वाड्याचा सगळ्यात मोठा शत्रू ठिणगी आहे. सगळी जुनी बॅटनवरची वायर काढली. नव्या वायरी भिंतीच्या कडेने धातूच्या नळीतून, लाकडात खाच पाडून नाही. प्रत्येक बिऱ्हाडाला वेगळा 30 मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच. जिन्याच्या पायथ्याशी आणि माथ्याशी अग्निशामक.

8 एप्रिल

चौकाची फरशी उचलली. उतार ऐंशीला एक, मोरीकडे. खणताना 50 सेंमीवर खापरी नळाची ओळ लागली, सांधे चुन्याचे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात 1750 च्या सुमारास कात्रजचं पाणी बंदिस्त दगडी नळातून, उताराच्या जोरावर पुण्याच्या हौदांत आणलं. त्या वाटेवर हवा सुटायला आणि गाळ काढायला उच्छ्वास बांधले. शहराच्या पोटात अशा जुन्या नळांचं जाळं आहे, म्हणून पेठांत कुठेही खणताना शेवटचा हात कुदळीचा नको, खुरप्याचा. ओळ मोजली, काढलेले नकाशे कागदांत लावले, वर वाळू पसरून झाकली. सांडपाण्याचा नवा पाइप 60 सेंमी बाजूने वळवला.

5 ते 20 मे

मागची कौलं. 38 चौरस मीटर, चौरस मीटरला 15, म्हणजे 570 आणि वर दहा टक्के. प्रत्येक जुनं कौल ठोकून पाहिलं: टणटणीत वाजलं तर ठेवायचं, बद्द वाजलं तर बाद. शंकास्पद कौल कोरडं तोलून, चोवीस तास भिजवून पुन्हा तोललं. 2.4 किलोचं 2.75 झालं, म्हणजे साडेचौदा टक्के, चालेल. 18 च्या वर बाद. 410 जुनी राहिली. जुनी आणि नवी कौलं एकाच ओळीत मिसळली नाहीत, कारण कारखान्याप्रमाणे खाच वेगळी असते आणि फटीतून पाऊस उडतो. जुनी चौकाकडे, नवी मागे.

पन्हळीचा हिशेब: चौकात उतरणारं छप्पर 120 चौरस मीटर. तासाला 50 मिमीचा सपाटा धरला तर 6,000 लिटर. चार उतरत्या नळ्या, प्रत्येकीच्या तोंडाशी जाळी. पूर्वी दोनच होत्या आणि त्यातली एक रस्त्याकडच्या भिंतीच्या आत होती.

12 जून

पहिला मोठा पाऊस. माळवद कोरडं. कौलांच्या एका वळचणीला थेंब, रीप एका जागी 1 सेंमीने चुकली होती, त्याच दिवशी बसवली. वायव्येची पन्हळ तुंबली, आत सुताराच्या ढलप्या. पाऊस चालू असताना चक्कर मारल्याशिवाय यातलं काहीच दिसत नाही.

18 जुलै

ओलाव्याची वाचनं, टक्क्यांत. ब-2 चं टोक 26 वरून 17. बाकीची सहा टोकं 14 ते 16. क-3 चा नवा पाय 13. काचेच्या पट्ट्या सर्व शाबूत.

उत्तरेची भिंत अजून ओली, मापकावर 22. शेजारच्या सिमेंटच्या इमारतीत आणि या भिंतीत चार इंचांची फट आहे, वरून उघडी, त्यात पाऊस थेट पडतो आणि पालापाचोळा साचला आहे. फटीवर शिशाचा पत्रा, आपल्या भिंतीत खोचलेला आणि पलीकडे नुसता टेकलेला, असा बसवायचा. पलीकडेही पक्का केला तर दोन इमारती वेगवेगळ्या हलल्यावर तो फाटेल. शेजाऱ्यांची लेखी संमती आली आहे. लागोपाठ तीन दिवस उघाडी मिळाली की फट साफ करून काम घ्यायचं. तोवर उत्तरेच्या भिंतीवर गिलावा नाही, आणि आतल्या खोलीची दोन्ही दारं दिवसा उघडी ठेवायची.